दीडशे टक्के जेवण

न्हावा हे एक गाव आहे आणि शेवा हे दुसरं. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात. मध्ये खाडी, खाजणं आणि मिठागरं. पिढ्यान्‌पिढ्या ही दोन गावं एकमेकांना मुली देत-घेत आली, पण आपण दोघं मिळून एकच आहोत असा संशय त्यांना कधी आला नव्हता. तो जहाज कंपन्यांना आला. आज हॅम्बुर्गच्या नाहीतर शांघायच्या बंदरातल्या कुठल्याही कारकुनाला विचारा, तो ‘न्हावाशेवा’ असं एका दमात म्हणतो, जणू आपण ‘मीठभाकर’ म्हणावं तसं. जगातल्या बंदरांच्या यादीत आमची पाच अक्षरांची खूण आहे: आय-एन-एन-एस-ए. पोस्टमनला आमचं घर सापडत नाही, पण ही पाच अक्षरं लिहिली की ब्राझीलहून कंटेनर बिनचूक दारात येतो.

आता अशा ठिकाणच्या माणसाने फ्रेंच बिस्त्रोतल्या जेवणावर का लिहावं, असं तुम्ही विचाराल. मला तर वाटतं आमच्याइतका अधिकार खुद्द फ्रेंचांनाही नाही. त्यांनी वाइन नुसती प्यायली. आम्ही ती उतरवून घेतली.

२६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदराचं उद्‌घाटन झालं आणि त्याच वर्षी मी एका क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो तो २०१६ साली निवृत्त होईपर्यंत चिकटूनच होतो. ह्या सत्तावीस वर्षांत माझ्या टेबलावरून वाइनच्या किती पेट्या गेल्या त्याची गणती नाही. पण गेल्या त्या कागदावरून. ‘तळं राखी तो पाणी चाखी’ ही म्हण ज्याने केली त्याने कस्टमचं तळं पाहिलेलं नसणार. माझ्या लेखी वाइन म्हणजे लाल किंवा पांढरं पेय नव्हतं, तर ‘२२०४’ हा आकडा होता. जकातीच्या पुस्तकात ताज्या द्राक्षांच्या वाइनचा मथळा २२०४ आहे. बिअर त्याच्या अलीकडे २२०३ मध्ये राहते, आणि व्हिस्की-ब्रँडीचं बिऱ्हाड २२०८ मध्ये. लोक वाइनचा रंग बघतात, वास घेतात, पेला तिरका धरतात. मी फक्त पॅकिंग लिस्टमधल्या पेट्या आणि बिल ऑफ एंट्रीतल्या पेट्या जुळतात का ते पाहत असे. जुळल्या की मलाही किंचित नशा चढे.

शिवाय ड्यूटी. २००७ साली वाइनवरची मूळ जकात दीडशे टक्के झाली. म्हणजे शंभर रुपयांची बाटली बोटीतून उतरेपर्यंत शंभरची, आणि आमच्या दारातून बाहेर पडली की अडीचशेची. पुढे राज्याचा कर, घाऊकवाला, किरकोळवाला, हॉटेलवाला हे सगळे नातेवाईक पंगतीला बसायचे ते वेगळंच. २०२१ च्या अर्थसंकल्पात ह्या दीडशेची फाळणी झाली. पन्नास टक्के मूळ जकात आणि शंभर टक्के कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर. बेरीज तीच, पण बाटलीला आता आपण शेतीच्या विकासासाठी महाग होत आहोत हे समाधान मिळालं.

हे सगळं आजकालचं आहे असं मात्र समजू नका. आमच्या समोरच, बंदराच्या धक्क्यावरून सहज दिसणारं घारापुरीचं बेट आहे. लोक तिथे त्रिमूर्ती बघायला जातात आणि माकडांना काकड्या देऊन परत येतात. पण बेटाच्या मोराबंदर गावाच्या बाजूला (उरणचं मोरा वेगळं, हे वेगळं) संशोधकांना भूमध्य समुद्राकडच्या मातीच्या कुंभांचे तुकडे मिळाले आहेत. दोन कानांचे, खाली निमुळते, उभे राहू न शकणारे कुंभ. ते वाइन आणि तेल भरून बोटीच्या पोटात आडवेतिडवे रचत. त्या तुकड्यांतही पुढे भेसळ निघाली. बरेचसे रोमन म्हणून गाजलेले तुकडे प्रत्यक्षात इराणच्या आखाताकडच्या, आतून डांबर माखलेल्या लांबोळक्या रांजणांचे आहेत, असं अलीकडच्या अभ्यासात दिसून आलं. म्हणजे मालाच्या उगमस्थानाबद्दल चुकीची घोषणा. आमच्या काळी ह्यावर नोटीस निघाली असती.

आणि कागदपत्रांचं म्हणाल तर तेही आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचं खलाशांचं टिपणवजा पुस्तक लिहिलं. त्यात भडोचच्या बंदरात काय काय उतरतं त्याची यादी आहे. यादीत पहिलं नाव वाइनचं! तीही नुसती वाइन नव्हे; इटलीची जास्त पसंत, शिवाय सिरियाकडच्या लाओडिकियाची आणि अरबस्तानची. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस मला अगदी आमच्या कचेरीतला वाटतो. पुढे तो कल्याण आणि चौलची नावं घेतो आणि सांगतो की कल्याणला धंद्यावर बंधनं आली आहेत. चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे शिरलं तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. अहो, हे तर सरळसरळ बंदर बदलून माल वळवणं झालं! त्या जहाजावरचा कारकून त्या रात्री मालकाला काय उत्तर देत असेल, ह्या कल्पनेने मला आजही घाम फुटतो. त्या वेळी भडोचला जो राजा होता तो नहपान असावा असं जाणकार म्हणतात. ह्या नहपानाचा जावई उषवदात नाशकाला पांडवलेण्यांत मोठमोठे शिलालेख कोरून गेला आहे; नद्यांवर फुकट तरी ठेवल्या, ब्राह्मणांना गाई दिल्या, असा सगळा हिशेब त्यात आहे. नाशिकचा जावई आणि समुद्रावरचा सासरा हे नातं इतकं जुनं आहे. माझंही तेच आहे, म्हणून सांगितलं.

त्या काळच्या काही ग्रीक वाइनमध्ये समुद्राचं पाणी मिसळत असत, असं वाचल्यावर सौ. म्हणाली, “मंग तं उरनचंच पानी चाललं असतं.” चाललं असतं की! उरणची कीर्ती तीनच गोष्टींची: मीठ, मासळी आणि दारू. इंग्रजांच्या काळात उरणला मोहाच्या दारूच्या मोठमोठ्या भट्ट्या होत्या, मालक बहुतेक पारशी. मोहाची फुलं गुजरातेतल्या पंचमहालाकडून यायची, दारू इथे गळायची आणि गलबतांतून मुंबईला जायची. सरकारचा पहारा, मापं, कर, पावत्या सगळं होतं. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर तर घरच्या ताडाची ताडी काढायची तरी परवानगी लागू लागली. पुढे स्वराज्य आलं आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. तो कायदा आजही जिवंत आहे बरं का. महाराष्ट्रात वाइनचा घोट घेणाऱ्या माणसाकडे आरोग्याच्या कारणासाठी घेतलेला परवाना असावा लागतो. माझ्या नोकरीच्या काळात एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळे. पाच रुपयांत दिवसभर आजारी पडण्याची सोय दुसऱ्या कुठल्या राज्यात असेल असं वाटत नाही.

थोडक्यात, दोन हजार वर्षं दुसऱ्याची दारू आमच्या अंगणातून गेली. अंगण मात्र १९७० नंतर आमचं राहिलं नाही. नवी मुंबईसाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. भाव पटेना म्हणून दि. बा. पाटलांच्या मागे माणसं रस्त्यावर आली, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाटा आणि नवघर फाट्यावर गोळीबार झाला. पाच माणसं गेली. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व निघालं. शेव्याचं नवीन शेवा झालं, शेवा कोळीवाड्याचा हनुमान कोळीवाडा झाला, आणि जिथे आमच्या आत्याचं भाताचं खाचर होतं तिथे आता कंटेनर एकावर एक पाच थरांत उभे असतात. टक्केवारी आमच्या नशिबालाच आहे. कुठे साडेबारा, कुठे दीडशे.

पण मी जेवणाबद्दल सांगत होतो.

आमची मुलगी दिली आहे दिंडोरीकडे. व्याही द्राक्षबागायतदार. ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी १९२५ साली नाशिक जिल्ह्यात द्राक्षं लावली असं सांगतात, आणि व्याह्यांचं बोलणं ऐकलं तर त्या वेळी खड्डे खणायला हे स्वतः होते असं वाटतं. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी, मांसमच्छी वर्ज्य, दारूचा तर प्रश्नच नाही. आणि ह्याच माळकरी माणसाच्या शेतात दोन एकर शिराझ आहे. शिराझ म्हणजे वाइनचं काळं द्राक्ष. मणी बारीक, बिया मोठ्या, साल जाड. खायला दिलं तर पाहुणा परत येणार नाही. झालं काय, २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट नावाच्या औषधाचा अंश सापडला. आपल्याकडे तपासायच्या औषधांच्या यादीत ते नावच नव्हतं. कंटेनर तिकडे बंदरात पडून राहिले, आणि त्यात एक आमच्या व्याह्यांच्या गटाचा होता. तो न्हावाशेव्याहूनच गेला होता. त्यामुळे कित्येक महिने व्याही माझ्याकडे असे बघत की जणू तो मीच चुकीच्या बोटीत चढवला. पुढे २०१२ साली त्यांनी दोन एकर खाण्याची द्राक्षं काढली आणि एका कंपनीशी करार करून शिराझ लावली. पाय अमेरिकेतल्या रानवेलीचे, वर कलम फ्रान्सच्या जातीचं, आणि पाणी गोदावरीच्या खोऱ्यातलं. पाय अमेरिकेचे का, तर एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या बागा मुळांपासून खाल्ल्या, तेव्हा अमेरिकन मुळांवर फ्रेंच कलम बांधून त्यांनी वाइन वाचवली. आपल्याकडे मुळं बदलली ती मुख्यतः खारट जमीन आणि कमी पाणी सोसावं म्हणून. कारण वेगळं, पण गाठ तीच.

तर, बारा वर्षं ह्या गृहस्थाने वाइनची द्राक्षं पिकवली आणि मी सत्तावीस वर्षं वाइनचे कागद पिकवले, आणि दोघांपैकी एकानेही ती चाखली नव्हती. जावयाला हे असह्य झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही नाशकाला गेलो असताना तो म्हणाला, “बाबा, अण्णा, रविवारी सगळे बिस्त्रोत जेवायला.”

“बिस्त्रो म्हणजे?” अण्णांनी, म्हणजे व्याह्यांनी, विचारलं.

जावयाने सांगितलं की १८१४ साली नेपोलियनचा पाडाव करून रशियन फौजा पॅरिसात शिरल्या. कोझॅक सैनिक खाणावळीत येऊन ‘बिस्त्रो! बिस्त्रो!’ म्हणून ओरडत, म्हणजे ‘लवकर! लवकर!’ त्यावरून हे नाव. गोष्ट छान आहे, पण खोटी असावी. कारण हा शब्द फ्रेंच छापील मजकुरात आढळतो तो १८८० नंतर. कोझॅकांनी मारलेली हाक ऐकू यायला सत्तर वर्षं लागली असतील तर त्या खाणावळीची सेवा फारच संथ म्हणायची. खरी गोष्ट त्याहून चांगली आहे. फ्रान्सच्या मधल्या डोंगराळ भागातून, ओव्हेर्न्यमधून, गरीब माणसं पॅरिसला पोटासाठी येत. आधी पाण्याच्या बादल्या जिन्यांवरून वाहिल्या. मग लाकूड आणि कोळसा विकला. पुढच्या खोलीत कोळसा, मागच्या खोलीत वाइनचं पिंप, आणि चुलीवर बायकोने चढवलेलं एकच भांडं. त्या दिवशी जे शिजेल ते गिऱ्हाइकाने खायचं. आजही बिस्त्रोच्या फळ्यावर खडूने ‘आजचा पदार्थ’ लिहितात तो त्याचाच वंशज. आता सांगा, ही गिरणगावातली खाणावळ नव्हे तर काय? मुंबईत गिरणी कामगारांना डबे घालणाऱ्या बायका होत्या. १९७५ साली प्रेमा पुरवांनी त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यांच्यापैकी कोणी खोलीच्या दारावर फळा लावून ‘आज: मसूर आणि बोंबील’ असं लिहिलं असतं तर बिस्त्रो भायखळ्याला निघाला असता.

फ्रेंच माणूस आपल्याकडे आलाच नाही असंही नाही. १७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा एक सरदार फ्रान्सचा वकील म्हणवत आमच्याच किनाऱ्यावर, चौलला उतरला आणि पुण्याला नाना फडणविसांकडे गेला. त्याचा डोळा चौलच्या बंदरावर होता. नानांचा डोळा इंग्रजांच्या पोटातल्या दुखण्यावर होता. वर्षभर बोलणी झाली, इंग्रज वकील मॉस्टिनची झोप उडाली, आणि शेवटी काहीच झालं नाही. फ्रेंचांना बंदर मिळालं नाही आणि पुण्याला बिस्त्रो मिळाला नाही.

बिस्त्रो होता द्राक्षांच्या बागेला लागून. नाव फ्रेंच होतं. उच्चार प्रत्येकाने आपापल्या घराण्याप्रमाणे केला. बाहेर फळा, फळ्यावर खडू. लाकडी टेबलं, चौकटीचे कपडे, समोर वेलींच्या रांगा आणि त्यापलीकडे निळा डोंगर. फेब्रुवारी म्हणजे तोडणीचा हंगाम. अण्णा खुर्चीवर बसायच्या आधी कुंपणाशी गेले, एक पान उलटं करून पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, “भुरी आहे.” दुसऱ्याच्या बागेत भुरी पाहून शेतकऱ्याला भूक चांगली लागते.

वाढायला आलेला पोरगा पेठ तालुक्यातला, काळा एप्रन लावलेला. “बॉन्जूर, सर,” म्हणाला आणि पुढे शुद्ध मराठीत, “आज कांद्याचं सूप आहे, शाकाहारी आहे.” मेनूवर सूपची किंमत चारशे पन्नास. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

हे लक्षात घ्या की ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद होती. लासलगावात भाव पडलेले. अण्णांच्या चाळीत लाल कांदा पडून.

“पोरा,” अण्णा म्हणाले, “एवढ्या पैशांत मी तुला आज घरपोच गोणी देतो.”

“खरंय काका,” पोरगा म्हणाला. “आमच्या घरीपण आहे कांदा.”

पण सूप आलं आणि अण्णा गप्प झाले. मीही झालो. मातीची जाड वाटी, वर भाजलेल्या पावाचा तुकडा, त्यावर वितळून कडा धरलेलं चीज. चमचा घातला की खालून वाफ आणि तपकिरी, दाट, गोडसर पाणी. त्या पोराने सांगितलं की कांदा बारीक चिरून मंद आचेवर तासभर हलवत बसायचं, साखर घालायची नाही, घाई करायची नाही, मग भाज्यांचं पाणी आणि पांढऱ्या वाइनचा हबका. अण्णांनी वाइनचं ऐकून चमचा खाली ठेवला. जावई म्हणाला, “अण्णा, ती उकळून उडून जाते.” अण्णांनी विचार केला. वारीत उघड्यावर झोपणाऱ्या माणसाचा विठोबा एवढा कडक नसतो. त्यांनी चमचा उचलला. वाटी संपल्यावर ते म्हणाले, “आयुष्यभर कांदा पिकवला, पण तासभर कोणी त्याच्याजवळ बसलं नाही.” ‘रेस्टॉरंट’ हा शब्द मुळात अशाच एका रस्सेदार सूपाचा होता, अंगात ताकद आणणाऱ्या कढणाचा, दुकानाचा नंतर झाला. हे मी सांगायला तोंड उघडलं, पण त्यात पावाचा तुकडा घातला.

बायकांकडे रातातुई नावाचा पदार्थ आला. सौ. ने एक घास घेतला आणि विहीणबाईंच्या कानाशी जाहीर केलं, “ई तं वांग्याची भाजी हाय!” होतीच. वांगं, टोमॅटो, ढोबळी मिरची. फक्त गोडा मसाला विसरलेले. विहीणबाईंनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली, आणि त्यानंतर फ्रान्स-नाशिक संबंध इतके सुधारले की दुसरी बशी मागवावी लागली. मग सौ.चा मासा आला. लोण्यात परतलेला, वर लिंबू, बाजूला बटाटे. करंजाच्या धक्क्यावर वाढलेली बाई ती. तिने काटा शोधला, सापडला नाही. “यो समुंदराचा नाय,” ती म्हणाली. मी वाकून पाहिलं. पांढरा, सपाट, बिनकाट्याचा, बिनवासाचा. बासा! व्हिएतनामच्या गोठवलेल्या बाश्याचे कंटेनर मी स्वतः सोडवले होते, मथळा ०३०४. इतक्या वर्षांनी, घाट ओलांडून, फ्रेंच नावाच्या हॉटेलात जुना अशील भेटावा तसं झालं. तरी सौ.ने तो सगळा संपवला. मासा वाईट नव्हता, फक्त त्याला गाव नव्हतं.

आता राहिली वाइन. जावयाने बाटली मागवली ती मुद्दाम त्याच कंपनीची, जिला अण्णांची द्राक्षं जातात. शिराझ, साल २०२०. कंपनीकडे शंभर शेतकऱ्यांचा माल एकत्र होतो. ह्या बाटलीत आपल्या बागेतला एखादा तरी मणी असेल, एवढीच आशा. पण साल पाहून अण्णा सरळ बसले.

“वीस? वीसचा माल मार्चच्या पहिल्या आठवड्यात उतरवला,” ते म्हणाले. “तेवीस ब्रिक्स भरला होता. गाडी गेली, आणि पंधरा-वीस दिवसांत देश बंद.”

२४ मार्चला टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा नाशकात खाण्याची द्राक्षं वेलींवर लटकत होती. व्यापारी नाही, मजूर नाही, गाडी नाही. कोणी बेदाणा टाकला, कोणी बाग तशीच सोडली. अण्णांचे तीन एकर असे गेले. पैसे झाले ते ह्या दोन एकरांचे, आणि त्यावर घर चाललं. त्यात आमची मुलगीही होती. मला हे माहीत नव्हतं. मुलींनी माहेरी काय सांगायचं नाही ते त्या नीट सांगत नाहीत.

पोराने बूच काढलं, माझ्या पेल्यात थोडी ओतली आणि म्हणाला, “ह्याच्यात काळ्या मिरीचे नोट्स आहेत, सर.”

“मिरी?” अण्णा दचकले. “मिरी नाही मारली. गंधक मारलं होतं.”

मी घोट घेतला. पहिल्या क्षणी वाटलं, जांभूळ खाऊन जीभ जड होते तसं. मग खरोखरच मिरीसारखं काहीतरी, आणि मागे भट्टीतल्या लाकडाचा धूर. गिळल्यावरही ती गेली नाही, घशाशी थांबून राहिली. सत्तावीस वर्षं मी ज्याला २२०४ म्हणत होतो ते हे. आणि ही बाटली तर २२०४ देखील नव्हती, कारण ती बोटीतून आलीच नव्हती. दीडशे टक्के माफ! मी दुसरा घोट घेतला. चांगली होती हो. उगाच कशाला खोटं बोलू?

अण्णा बघत होते. “कशी आहे?”

“चांगली आहे.”

“आंबट?”

“नाही.”

“कडू?”

“थोडी. पण पाहिजे तेवढीच.”

त्यांनी हात पुढे केला. जावई चपापला. पण अण्णांनी पेला तोंडाला लावला नाही, नाकाशी नेला. डोळे मिटले. कीर्तनात मिटतात तसे. बराच वेळ ते तसेच बसले. पोरगा ट्रे घेऊन थबकला. मग अण्णांनी पेला माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “धुरळणीचा वास नाही आला कुठे. स्वच्छ माल आहे.” आणि ताक मागवलं. बिस्त्रोत ताक नव्हतं. त्या पोराने दही, पाणी, मीठ घालून आत जाऊन घुसळून आणलं आणि बिलात लावलं नाही.

निघताना विहीणबाईंनी रिकामी बाटली मागितली. जावयाला लाज वाटली, पण पोराने ती धुऊन, कागदात गुंडाळून आणून दिली. दिवाळीला आम्ही पुन्हा गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्यावर होती, शेंगदाण्याच्या तेलाने गळ्यापर्यंत भरलेली. तेलाच्या बोटांनी लेबल जरा काळवंडलं होतं. विहीणबाई म्हणाल्या, भिजवून काढून टाकणार होते, पण ह्यांनी काढू दिलं नाही.